सत्तावीस नंबरचा ट्रॅप

सोलापूरच्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात वायरलेस सेन्सर आले तेव्हा त्यांची पूजा झाली. काडेपेटीहून थोड्या मोठ्या अशा चाळीस डब्या ऑफिसच्या टेबलावर ओळीने मांडल्या, त्यांच्यावर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी दोन-तीन डब्यांवर उडालं. आमचे प्लँट मॅनेजर साहेब डोळे मिटून, हात जोडून उभे होते. यंत्राला हात जोडणं मला नवीन नव्हतं. माझे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार घालताना मी त्यांना लहानपणापासून पाहिलंय. पण त्यांना ते मशीन चालवता यायचं. साहेब पूजेनंतर माझ्यासोबत डाइंगमध्ये, म्हणजे रंगाच्या विभागात, आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "यातला स्टीम ट्रॅप कुठला?"

तीन वर्षं ते त्या ट्रॅपखालून रोज चालत जात होते.

मी तेव्हा तिथे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होते. मेंटेनन्समध्ये मी एकटीच बाई. साहेबांना मी ट्रॅप दाखवला आणि लहान मुलाला सांगावं तसं समजावून सांगितलं. बॉयलरची वाफ पाइपातून डाइंगच्या मशीनपर्यंत जाते. वाटेत थोडी निवते आणि तिचं पाणी होतं. ते पाणी बाहेर सोडायचं आणि वाफ मात्र आत राखायची, एवढंच काम करणारा लोखंडाचा छोटा तुकडा म्हणजे ट्रॅप. तो उघडा अडकला तर वाफ फुकट जाते. बंद अडकला तर पाणी पाइपात साठून राहतं, आणि मागून वाफ आली की ती त्या पाण्याला बंदुकीच्या गोळीसारखी पुढे फेकते. सेन्सरची डबी ट्रॅपशेजारी पाइपला पट्ट्याने आवळायची. ती पाइपाचा आवाज ऐकते, तापमान मोजते आणि दर थोड्या वेळाने बिनतारी कळवत राहते.

"म्हणजे डिजिटल," साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "हो साहेब."

सेन्सर विकणाऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर पुण्याहून आला होता. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की डाइंगच्या ओल्या फरशीवर तो मांजरासारखा पाय उचलून चालायचा. त्याने खाली हाताला येतील ते चार सेन्सर बसवले, फोटो काढले, उरलेले छत्तीस माझ्यावर सोपवले आणि दुपारच्या गाडीने परत गेला. छत्तीसच्या छत्तीस मी शिडीवर चढून बसवले. वर पाइपाजवळ एवढी धग असायची की ओढणी डोक्याला गुंडाळावी लागे. प्रत्येक डबीवर मी रंगाने नंबर घातला. सत्तावीस नंबर डाइंगच्या मोठ्या मशीनच्या अगदी डोक्यावर होता.

त्या मशीनवर एक ऑपरेटर होते, पन्नाशीचे. घरी तेलुगू, आमच्याशी मराठी. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. आजोबा मागावर, वडील मागावर, आणि हे रंगात. नखं कायम निळी. अण्णा मुळीच गोड माणूस नव्हते. नव्या माणसाला चुकीचा पाना देऊन मजा बघायचे, आणि मी शिडीवर असले की खालून काहीतरी टोमणा ठरलेला.

"काय करलालंय म्याडम हे डबडं?"

"पाइपाचा आवाज ऐकतंय."

"पाइपाचा ऐकतंय, मंग आमचा न्हाय ऐकत व्हय?"

मी म्हटलं, माणसांचं यात काही जात नाही. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सत्तावीस नंबरवर चहाचा कागदी कप उपडा घातलेला दिसला. हळूहळू सगळ्या डाइंगमध्ये बातमी पसरली की डब्यांतून साहेब ऐकतात. तपासणी विभागातली एक मावशी तर रोज जाता-येता एका डबीखाली उभी राहून मोठ्याने सांगायची, "सायेब, बायकांच्या संडासाला कडी न्हाय! आठ म्हैने झालं!" मी हसायची. कोणी ऐकत नाहीये हे मला माहीत होतं म्हणून हसायची. कडीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर पडून होता, त्याला सेन्सरची गरज नव्हती.

या सगळ्यांना मी मनातल्या मनात अडाणी म्हणत असे. साहेब अडाणी, पुण्याचा इंजिनिअर अडाणी, अण्णा अडाणी. शहाणी मी एकटी. हे आज लिहितानाही बरंचसं खरं वाटतं, हीच त्यातली वाईट गोष्ट आहे.

सेन्सरची माहिती दाखवायला मोठा टीव्ही आला. तो कुठे लावावा? बॉयलरपाशी लावावा असं मी सुचवलं. साहेबांनी तो रिसेप्शनमध्ये लावला, माशांच्या पेटीशेजारी. पाहुणे सोफ्यावर बसले की एका बाजूला लाल-पिवळे मासे आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याचा नकाशा, त्यावर चाळीस ठिपके. चांगल्या ट्रॅपचा ठिपका हिरवा, बिघडलेल्याचा लाल.

पहिल्याच आठवड्यात अकरा ठिपके लाल झाले. साहेबांनी मला बोलावलं.

"हे लाल का?"

"ते ट्रॅप बिघडलेत साहेब. बदलावे लागतील."

"सेन्सर बसवायच्या आधी ते चांगले होते का?"

"नाही. आधीपासूनच बिघडलेले असणार. आता कळलं."

साहेबांनी टीव्हीकडे पाहिलं. मग म्हणाले, "पण आधी तर काही त्रास नव्हता."



तरी सुरुवातीचे काही महिने बरे गेले. मी हट्टाने पाठपुरावा केला तेव्हा त्या अकरापैकी चार ट्रॅप बदलून मिळाले, आणि ते चार ठिपके खरोखर हिरवे झाले. अण्णांनी ते पाहिलं. त्यांच्या मशीनजवळचा एक पाइप आत साठलेल्या पाण्याने वर्षानुवर्षं ठोकत असे, तो नवा ट्रॅप बसल्यावर गप्प झाला. त्या दिवशी सत्तावीस नंबरवरचा कप त्यांनी स्वतः काढून टाकला.  नंतर कधीमधी इंटरकॉमवर विचारू लागले, "म्याडम, सोळा नंबर काय म्हंतंय?" मी सांगायची. अडाणी म्हटलेला माणूस पुरावा बघून मत बदलतो हे मला दिसत होतं. तरी मी त्यांना अडाणीच म्हणत राहिले, सवयीने.

आणि साहेबांनी एक सुधारणा केली. आठवड्याच्या सुट्टीला बॉयलर बंद असतो, पाइप थंड होतात आणि आत पाणी साठतं. म्हणून सुट्टीनंतरच्या सकाळी वाफ सोडायच्या आधी एकेक ड्रेनचा कॉक हाताने उघडून पाणी काढायची जुनी रीत होती. त्यात अर्धा तास जायचा. साहेब म्हणाले, आता स्क्रीन सांगते ना, मग हात कशाला काळे करायचे? ठिपके बघायचे आणि वाफ सोडायची. रीत बंद झाली. कोणी विरोध केला नाही. मीही नाही.

एप्रिलमध्ये परदेशी खरेदीदार येणार असं ठरलं. कारखान्याला चुना लागला, कुंड्या आल्या, बायकांच्या संडासाला कडीसुद्धा बसली. भेटीच्या आदल्या दिवशी दुपारी साहेब रिसेप्शनमध्ये आले. स्क्रीनवर अजून सात लाल ठिपके होते, शिवाय नव्याने बिघडलेले दोन. त्या दोनांत सत्तावीस नंबर होता. बाकीच्या आठांसारखाच तोही बंद अडकला होता, थंड पडला होता.

"उद्या लाल दिसता कामा नये," साहेब म्हणाले.

"नऊ ट्रॅप उद्यापर्यंत कसे बदलणार साहेब?"

"ट्रॅप बदला असं कुठं म्हणतोय मी? लाल दिसता कामा नये."

पासवर्ड माझ्याकडे होता. ट्रॅप किती थंड झाला की ठिपका लाल करायचा, तो आकडा सॉफ्टवेअरमध्ये मीच घातला होता. वाफ चालू असताना नव्वद अंशांच्या खाली गेला की लाल; वाफ बंद असली की ठिपका शेवटचा रंग धरून ठेवायचा. मी त्या नवांसाठी तो आकडा तीस केला. सोलापूरच्या एप्रिलमध्ये डाइंगच्या छताखाली नुसता टांगलेला लोखंडाचा तुकडासुद्धा तीसच्या खाली जात नाही. म्हणजे ट्रॅप मरून पडला तरी ठिपका हिरवाच. टेबलावरचा चहा निवायच्या आत माझं काम झालं होतं.

खरेदीदार आले. स्क्रीनसमोर उभे राहून त्यांनी माना डोलावल्या. साहेबांनी इंग्रजीत सांगितलं की आमच्या कारखान्यात माणसाच्या चुकीला जागा उरलेली नाही. मग ते माशांबद्दल विचारू लागले, आणि साहेबांना माशांबद्दल ट्रॅपपेक्षा पुष्कळ जास्त माहिती होती.

ते गेल्यावर मी विचारलं, "साहेब, आकडे पूर्ववत करू का?"

"राहू द्या. छान दिसतंय."

मी राहू दिलं.

तीनेक आठवडे गेले असतील. सुट्टीनंतरची सकाळ. पहिली शिफ्ट नुकतीच भरली होती. मी रिसेप्शनमध्ये टीव्हीमागची सैल झालेली वायर बसवत होते. इंटरकॉम वाजला. अण्णा होते.

"म्याडम, लाइनीवर वाफ सोडायलोय. सगळं हिरवं हाय न्हवं?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. चाळीसच्या चाळीस ठिपके हिरवे. त्यातले नऊ मीच हिरवे केलेले. ते त्या क्षणी मला आठवले नाहीत असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. ते खोटं आहे. आठवले होते. पण आठवणं आणि बोलणं यांच्यामध्ये जेवढं अंतर असतं तेवढं पार करायला मला आळस आला. एवढे दिवस काही झालं नव्हतं.

"हिरवं आहे अण्णा," मी म्हटलं.

थोड्या वेळाने आवाज झाला. आधी पाइप ठोकल्याचे चार-पाच दणके, एकापेक्षा एक मोठे, आणि मग एक असा की रिसेप्शनची काच थरथरली. मी धावले. डाइंगमध्ये पांढरी वाफ भरली होती, काही दिसत नव्हतं. कोणीतरी मेन व्हॉल्व्ह बंद केला. वाफ निवळली तेव्हा मोठ्या मशीनच्या वरचा पाइपाचा जोड फुटलेला दिसला. त्यातून उकळतं पाणी अजून ठिबकत होतं. अण्णा खाली बसले होते. डावा हात, खांदा आणि मानेची एक बाजू भाजली होती. ते ओरडत नव्हते. दात घट्ट आवळून तेलुगूत एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते.

आम्ही त्यांच्यावर थंड पाणी ओतत राहिलो. दवाखान्यात न्यायला साहेबांची गाडी दारातच होती. साहेब आले, त्यांनी पाहिलं, चेहरा पांढरा पडला. तेवढ्यापुरती मला त्यांची कीव आली. मग ते ड्रायव्हरला म्हणाले, "आधी सीटवर प्लास्टिक टाक."

ड्रायव्हर प्लास्टिक शोधायला गेला. तेवढ्यात संडासाच्या कडीसाठी ओरडणाऱ्या त्या मावशीने गाडीचं दार उघडलं, स्वतः आत बसली आणि अण्णांना आत ओढून घेतलं. "चल रे!" ती ओरडली. ड्रायव्हर आला आणि गाडी निघाली. सीट ओली झाली. साहेब बघत राहिले.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे केला. अपघाताचा अहवाल. सत्तावीस नंबरच्या सेन्सरची बॅटरी संपल्यामुळे ट्रॅपच्या बिघाडाची सूचना मिळू शकली नाही, असं त्यात होतं. खाली माझ्या सहीची जागा.

"साहेब, बॅटरी चांगली आहे."

"संपलेली असू शकते की नाही?"

"असू शकते. पण संपलेली नाही."

"हे बघा," साहेब एकदम मऊ आवाजात म्हणाले, "आकडे बदलले कुणी? तुमच्या पासवर्डने बदललेत. मी तुम्हाला लेखी काही दिलंय का? बॅटरीत कुणाची चूक नाही. तुमची नाही, माझी नाही."

बिचारी बॅटरी. पाइपाला चिकटून, घामाघूम होऊन, तीन आठवडे दर थोड्या वेळाने ती इमानदारीने सांगत होती की हा ट्रॅप थंड आहे. त्या सगळ्या कारखान्यात आपलं काम चोख करणारी ती एकटीच, आणि दोष तिच्यावर.

मी सही केली. कारणं होती. भाड्याची खोली, गावाकडे निवृत्त वडील, मेंटेनन्समध्ये बाईला दुसरीकडे कोण घेणार. कारणं साहेबांकडेही असतील. ज्या माणसाला मी वर्षभर मनात कुत्सित हसत होते त्याच्या नावाशेजारी माझं नाव आलं. सही त्याच्यापेक्षा माझी सुंदर होती.

मग बॅटरी संपली हे खरं दिसावं म्हणून चाळीसही सेन्सरांच्या नव्या बॅटऱ्या मागवल्या गेल्या. वर्षानुवर्षं चालल्या असत्या अशा चाळीस बॅटऱ्या मी शिडीवर चढून काढल्या. अण्णा दोन महिन्यांनी कामावर आले तेव्हा ते काम संपत आलं होतं. त्यांच्या हाताची कातडी गुलाबी आणि चकचकीत झाली होती, कोपर पुरतं वळत नव्हतं. मशीनवरून काढून त्यांना घड्या घालण्याच्या विभागात दिलं होतं. जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या शिडीखाली येऊन थांबले. टोमणा मारला नाही.

"त्या दिवशी तुमी हिरवं म्हनलात."

"हो."

"ब्याटरी गेल्ती म्हनून चुकून हिरवं दिसलं, असं सायेब म्हनले."

मी खाली उतरले. शिडीवरून बोलणं बरं दिसलं नसतं.

"बॅटरी गेली नव्हती अण्णा. सेन्सर बरोबर सांगत होता. पाहुणे येणार म्हणून मी लालचं हिरवं केलं होतं. साहेबांनी सांगितलं, मी केलं."

 मला वाटलं, अण्णा शिव्या देतील. मला शिव्या चालल्या असत्या.

"सायेबाचं सोडा," ते म्हणाले. "त्येला मी कदी काय इचारलंच न्हाय. मी तुमाला इचारलं हुतं."

आणि ते घड्यांच्या विभागाकडे निघून गेले.

त्याच आठवड्यात मी सत्तावीस नंबरचा सगळा आलेख छापून काढला. तापमान कोणत्या दिवशी उतरलं, त्यानंतर रोज किती होतं, आणि लालची मर्यादा कोणत्या दिवशी बदलली, सगळं त्यात होतं. सोबत एक पान हाताने लिहिलं, त्यात आकडे मीच बदलले हे आणि खोट्या अहवालावरची माझी सही, दोन्ही कबूल केलं, आणि थेट मालकांच्या ऑफिसात जाऊन त्यांच्या हातात दिलं. मालक म्हातारे होते, क्वचित येत. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद सावकाश वाचले.

"हे साहेबांनी लेखी सांगितलं होतं?"

"नाही. तोंडी."

"मग हे तुझंच आहे म्हणायचं."

"माझंही आहे," मी म्हटलं.

त्यांनी कागद घडी करून खणात ठेवले आणि मला जायला सांगितलं. पुढच्या काही दिवसांत नऊही नवे ट्रॅप आले. कॉक उघडून पाणी काढायची जुनी रीत कोणताही खुलासा न करता पुन्हा सुरू झाली. मला इन्स्ट्रुमेंटमधून काढून स्टोअरला टाकलं, नटबोल्ट मोजायला. साहेबांना काहीही झालं नाही. उलट उद्योजकांच्या एका कार्यक्रमात डिजिटल कारखान्यावर बोलायला त्यांना बोलावलं, शाल-श्रीफळ मिळालं. त्याचा फोटो माशांच्या पेटीवर लागला. मला राग आला नाही. असल्या माणसाला असलीच शाल मिळते.

वर्षभराने मी नोकरी सोडली. आता सेन्सर बसवणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीत आहे. मंद्रूपकडे, माढ्याकडे, जिथे बोलावतील तिथे जाते. मर्यादेचे आकडे मशीनवरच्या माणसांसमोर घालते, त्यांना वाचून दाखवते, त्यांच्या वहीत लिहायला लावते. मॅनेजर लोकांना ते आवडत नाही. त्यांच्या आवडीनिवडीचं मला काही वाटत नाही.

स्टोअरमधला माझा शेवटचा महिना होता तेव्हा अण्णांची मुलगी नर्स म्हणून नोकरीला लागली. ते सगळ्या कारखान्यात पेढे वाटत फिरले. प्रत्येकाशी दोन शब्द बोलत, हसत, पाठीवर थाप खात. स्टोअरच्या खिडकीशी आले तेव्हा मला वाटलं पुढे जातील. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला. मी पेढा घेतला, अभिनंदन म्हटलं. ते माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या फळीवरच्या नटबोल्टच्या खोक्यांकडे बघत होते. समोरचा माणूस हिशेबातच नसल्याची ती नजर मी लगेच ओळखली. कित्येक वर्षं मी स्वतःच लोकांकडे तशी बघत आले होते, फक्त ती माझ्यावर कधी कुणी टाकली नव्हती.

डबा मिटून ते पुढच्या विभागाकडे गेले. पेढा मी खाल्ला. चांगला होता.